ओळीआधीची मोकळी जागा

(कागदावर असो किंवा संगणकाच्या पडद्यावर, ओळीच्या आधी सोडलेली मोकळी जागाही काहीतरी सांगत असते. ती जागा कशी सोडावी आणि त्याबाबत सर्वांनी एकच नियम का पाळावा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या दप्तरातून दोन वह्या काढा. एक उर्दूची आणि एक मराठीची. उर्दूच्या वहीत तुम्ही उजवीकडून लिहायला सुरुवात करता. म्हणून तिथला हाशिया उजव्या बाजूला असतो. मराठीच्या वहीत आपण डावीकडून लिहितो. म्हणून इथला समास डाव्या बाजूला असतो. हाशिया आणि समास यांचे काम एकच आहे. ओळ कोठून सुरू करायची, हे ते दाखवतात.

आता दोन्ही वह्यांतील एखादा निबंध पाहा. नवा परिच्छेद सुरू करताना तुम्ही पहिली ओळ थोडी आत घेतली आहे. त्या मोकळ्या जागेत एकही अक्षर नाही. तरीही वाचणाऱ्याला लगेच कळते, की इथून नवा मुद्दा सुरू झाला. म्हणजे ती जागा रिकामी दिसली, तरी मुकी नाही.

मोकळ्या जागेची किंमत आपल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तुम्ही अमरावती जिल्ह्यातील मोर्शीच्या बाजूला राहत असाल, तर शेतात तिफण चालताना नक्कीच पाहिली असेल. तिफणीला तीन फण असतात. चाड्यात बी सोडले, की ते तीन ओळींत सारख्या अंतरावर पडते. पीक थोडे वाढले, की त्या ओळींच्या मधून डवरा फिरवतात आणि तण काढतात. डवऱ्याची रुंदी तिफणीच्या अंतराशी जुळली, तर फक्त तण निघते. जुळली नाही, तर तणाबरोबर पीकही कापले जाते. पेरणारा एक असतो, डवरणारा दुसरा असतो. पण दोघांनी अंतर मात्र एकच धरावे लागते.

संत्र्याच्या बागेतही असेच आहे. मोर्शी आणि वरुड हे तालुके संत्र्यासाठी प्रसिद्ध आहेत. येथे संत्र्याची झाडे साधारणपणे 6 मीटर बाय 6 मीटर अंतरावर लावण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने एका हेक्टरात सुमारे 277 झाडे बसतात. दोन झाडांमधली जागा ही वाया गेलेली जमीन नव्हे. उजेड, हवा आणि माणसाची ये-जा यांसाठी ती मुद्दाम राखलेली असते.

शेतातून आता टंकलेखन यंत्राकडे येऊ. तुमच्या वडिलांनी किंवा काकांनी तरुणपणी कदाचित टंकलेखनाची परीक्षा दिली असेल. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. पूर्वी ती यंत्रावर होत असे, आता ती संगणकावर होते. टंकलेखन यंत्रावर पत्रापेक्षा तक्ता तयार करणे अवघड असे. नाव, गाव, रक्कम असे रकाने एकाखाली एक सरळ यावे लागत. प्रत्येक वेळी जागा मोजत बसणे शक्य नव्हते. त्यासाठी यंत्रावर एक खास सोय होती. टंकलेखक रकान्यांच्या जागी आधीच थांबे ठरवून ठेवी. मग एक कळ दाबली, की यंत्राचा गाडा सरकत जाऊन पुढच्या थांब्याशी थांबे. तक्त्याला इंग्रजीत 'टेबल' म्हणतात. त्यावरून या सोयीला 'टॅब्युलेटर' असे नाव पडले आणि पुढे त्याचेच 'टॅब' झाले.

हीच कळ संगणकाच्या कळफलकावर आली. ती डाव्या बाजूला, आकड्यांच्या ओळीच्या खाली असते. यंत्राचा गाडा गेला, पण थांब्यांची कल्पना तशीच राहिली.

संगणकाला काम सांगण्यासाठी ओळीमागून ओळ सूचना लिहाव्या लागतात. त्या सूचनांच्या संचाला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. आज्ञावली ज्यात लिहितात, त्या साधनाला कोड एडिटर म्हणतात. आज्ञावली डावीकडून उजवीकडे लिहितात. म्हणून इथला समास मराठीच्या वहीसारखा डावीकडे असतो. काही ओळी समासाला लागून असतात, तर काही आत सरकवलेल्या असतात. ओळ अशी आत सरकवण्याला 'इंडेंटेशन' म्हणतात.

ओळ आत सरकवल्याने काय होते? एक उदाहरण घेऊ. समजा, मोर्शीजवळच्या एका बागेत संत्र्याची तोडणी चालू आहे. तुमच्या शेजारच्या खाला रोज तिथे कामाला जातात. एका क्रेटमागे 15 रुपये मजुरी ठरली आहे, असे धरू. खालांनी सहा दिवसांत अनुक्रमे 22, 25, 18, 24, 20 आणि 26 क्रेट भरले. बागमालकाने हिशेबाची आज्ञावली लिहिण्याचे काम तुम्हांला दिले आहे. खऱ्या आज्ञावलीत इंग्रजी शब्द असतात, पण समजण्यासाठी आपण ती मराठीत लिहू.

एकूण = 0
प्रत्येक दिवसासाठी:
    त्या दिवसाचे क्रेट वाचा
    ते एकूणमध्ये मिळवा
मजुरी = एकूण × 15
मजुरी छापा

तिसरी आणि चौथी ओळ आत आहे. याचा अर्थ असा, की या दोन सूचना 'प्रत्येक दिवसासाठी' या ओळीच्या आहेत. त्या सहा वेळा पाळल्या जातील. शेवटच्या दोन ओळी पुन्हा समासाला लागल्या आहेत. त्या एकदाच पाळल्या जातील. एकूण क्रेट 135 होतात आणि मजुरी 2025 रुपये निघते. हिशेब बरोबर आहे.

आता समजा, घाईत 'ते एकूणमध्ये मिळवा' ही ओळ आत घ्यायची राहून गेली:

एकूण = 0
प्रत्येक दिवसासाठी:
    त्या दिवसाचे क्रेट वाचा
ते एकूणमध्ये मिळवा
मजुरी = एकूण × 15
मजुरी छापा

शब्द तेच आहेत. त्यांचा क्रमही तोच आहे. फक्त एका ओळीपुढची जागा गेली. पण आता संगणक सहा दिवसांचे क्रेट नुसते वाचत जातो आणि शेवटी हाती राहिलेले 26 क्रेट तेवढे मिळवतो. मजुरी निघते 390 रुपये. खालांचे पाच दिवसांचे कष्ट हिशेबातून नाहीसे होतात. संगणक तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही सांगितले तेच त्याने केले.

सगळ्याच संगणकभाषा ओळीपुढच्या जागेला एवढे महत्त्व देत नाहीत. 'सी' किंवा 'जावा' या भाषांत सूचनांचे गट महिरपी कंसांनी दाखवतात. तिथे जागा सोडतात ती वाचणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी. पण 'पायथॉन' या भाषेत जागेवरूनच गट ठरतो. नेदरलँड्सच्या गिडो व्हान रोसम यांनी ही भाषा तयार केली आणि 1991 साली ती प्रसिद्ध झाली. आज अनेक विद्यार्थी आज्ञावली लिहायला याच भाषेपासून सुरुवात करतात. म्हणून ही गोष्ट तुम्ही आरंभीच नीट समजून घेतली पाहिजे.

ओळ आत सरकवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे खालची लांब आडवी कळ, म्हणजे स्पेसबार, चार वेळा दाबणे. दुसरा मार्ग म्हणजे टॅबची कळ एकदा दाबणे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसू शकते. पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी चिन्हे आहेत. अक्षरांना क्रमांक देण्याची 'आस्की' नावाची पद्धत 1963 साली ठरली. तिच्यात स्पेसचा क्रमांक 32 आणि टॅबचा क्रमांक 9 आहे.

स्पेस म्हणजे नेहमी एकच जागा. टॅबचे तसे नाही. 'इतक्या जागा सोड' असे टॅब सांगत नाही. 'पुढच्या थांब्यापर्यंत जा' असे तो सांगतो. टंकलेखन यंत्राची आठवण ठेवा. थांबे दर 8 जागांवर आहेत, असे समजा. तुम्ही 135 हा आकडा लिहून टॅब दाबला, तर पाच जागा मोकळ्या सुटतात. 26 लिहून टॅब दाबला, तर सहा जागा सुटतात. दोन्ही वेळा पुढचे अक्षर नवव्या जागीच येते. म्हणूनच टॅबने रकाने सरळ येतात.

पण हे थांबे किती अंतरावर असावेत, हे टॅब ठरवत नाही. ते एडिटर ठरवतो. या अंतराला टॅबची रुंदी म्हणतात. ती कोणी 2 ठेवतो, कोणी 4, तर कोणी 8. त्यामुळे टॅब वापरून लिहिलेली एकच फाइल एका संगणकावर आटोपशीर दिसते आणि दुसऱ्या संगणकावर फार आत गेलेली दिसते. फाइल बदललेली नसते. पाहणाऱ्याचे माप बदललेले असते.

एका फाइलमध्ये सगळीकडे टॅबच वापरला असेल, तर यात मोठे नुकसान नाही. सगळीकडे स्पेसच वापरली असेल, तर प्रश्नच उरत नाही. काही ओळींपुढे टॅब आणि काही ओळींपुढे स्पेस असेल, तेव्हा मात्र खरा घोटाळा होतो. खालांच्या हिशेबातच पावसाची नोंद करायची आहे, असे समजा. अर्धी आज्ञावली तुम्ही स्पेस वापरून लिहिली. शेवटची ओळ तुमच्या मित्राने टॅब दाबून लिहिली. तुमच्या एडिटरमध्ये टॅबची रुंदी 4 आहे. पडद्यावर असे दिसते:

प्रत्येक दिवसासाठी:
    जर त्या दिवशी पाऊस आला असेल तर:
        'पाऊस' असे लिहा
    त्या दिवसाचे क्रेट एकूणमध्ये मिळवा

शेवटची ओळ 'जर' या ओळीच्या बरोबर खाली आहे. म्हणजे पाऊस येवो अथवा न येवो, क्रेट रोज मिळवले जातील, असे आपल्याला वाटते. पण त्या ओळीपुढे चार स्पेस नाहीत, एक टॅब आहे. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत टॅब म्हणजे 8 जागांच्या थांब्यापर्यंत, असे धरले जाई. त्यामुळे ही ओळ 'पाऊस असे लिहा' या ओळीच्या बरोबरीची ठरे. मग क्रेट मिळवले जात ते फक्त पावसाच्या दिवशी! पाऊस एकट्या तिसऱ्या दिवशी आला असेल, तर खालांच्या नावावर 18 क्रेट आणि 270 रुपये एवढेच लागले असते. चूक शोधायला तुम्ही पडद्याकडे कितीही वेळ पाहिले असते, तरी ती दिसली नसती. कारण पडद्यावर सर्व काही ठीकच होते.

हा धोका ओळखून 2008 साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत नियम कडक करण्यात आला. टॅब आणि स्पेस यांची अशी सरमिसळ दिसली, की ही आवृत्ती काम थांबवते आणि 'टॅब एरर' असा संदेश देते. असा संदेश आला, तर घाबरू नका. चुकीचा हिशेब गुपचूप देण्यापेक्षा हिशेब न देणे बरे. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल 2020 साली थांबली. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. संदेश येतो तो सरमिसळीसाठी. आपण आधी पाहिलेली 390 रुपयांची चूक मात्र आजही संगणक पकडू शकत नाही. ती तुम्हांलाच पाहावी लागते.

मग एडिटर नीट लावून कसा घ्यावा? 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' हा एडिटर 2015 साली आला आणि तो बऱ्याच ठिकाणी वापरला जातो. त्याचेच उदाहरण घेऊ.

प्रथम पडद्याच्या तळाशी उजव्या बाजूला पाहा. तेथे 'स्पेसेस : 4' किंवा 'टॅब साइझ : 4' असे लिहिलेले दिसेल. तुम्ही उघडलेल्या फाइलमध्ये कोणती पद्धत चालू आहे, हे त्यावरून कळते. त्यावर टिचकी मारली, की एक यादी उघडते. 'इंडेंट यूझिंग स्पेसेस' निवडले, तर तुम्ही टॅबची कळ दाबली तरी फाइलमध्ये स्पेसच जातात. 'इंडेंट यूझिंग टॅब्ज' निवडले, तर खरा टॅब जातो. यानंतर रुंदीचा आकडा विचारला जातो. तेथे 4 निवडा.

दुसरी गोष्ट, सेटिंग्जमध्ये 'टॅब साइझ' आणि 'इन्सर्ट स्पेसेस' या नावाच्या दोन नोंदी आहेत. पहिली नोंद रुंदी ठरवते. दुसरी नोंद टॅबच्या कळीने काय लिहिले जावे, हे ठरवते. येथे केलेली निवड पुढील फाइलींनाही लागू होते. 'डिटेक्ट इंडेंटेशन' अशी तिसरी नोंदही तेथे आहे. ती चालू असेल, तर फाइल उघडताच एडिटर तिच्यातील पद्धत ओळखतो आणि तीच पुढे चालवतो. त्यामुळे आपण 4 ठरवूनही एखाद्या फाइलमध्ये 2 किंवा 8 दिसले, तर एडिटर बिघडला असे समजू नका. त्याने फक्त आधी लिहिणाऱ्याचा मान राखला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे 'रेंडर व्हाइटस्पेस' ही सोय. ती पूर्ण चालू केली, की न दिसणाऱ्या जागा दिसू लागतात. स्पेसच्या जागी बारीक ठिपका दिसतो आणि टॅबच्या जागी बाण दिसतो. ठिपक्यांच्या ओळींमध्ये एखादा बाण दिसला, की समजा, घोटाळा तिथेच आहे. मग 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' ही सूचना द्या. ओळींपुढचे सगळे टॅब स्पेसमध्ये बदलतात. मात्र त्याआधी रुंदीचा आकडा बरोबर आहे ना, हे पाहून घ्या. नाहीतर चुकीच्या मापाने बदल होईल.

आणखी एक सोपी युक्ती आहे. अनेक ओळी एकदम आत घ्यायच्या असतील, तर त्या निवडून टॅबची कळ दाबा. बाहेर आणायच्या असतील, तर शिफ्टची कळ धरून टॅब दाबा. एकेक स्पेस खोडत बसण्याची गरज नाही.

तुम्ही विचाराल, टॅब चांगला की स्पेस? या प्रश्नावर जाणकारांचेही एकमत नाही. पायथॉनसाठी 2001 साली लेखनाचे नियम लिहिले गेले. त्यांत प्रत्येक पायरीला 4 स्पेस सोडाव्यात, असे सांगितले आहे. 'लिनक्स' या प्रसिद्ध प्रणालीचा गाभा लिहिणारे लोक टॅब वापरतात आणि त्याची रुंदी 8 धरतात. 'गो' या भाषेत तर ओळी आपोआप टॅबने लावून देणारे साधनच भाषेबरोबर मिळते. टॅबचा फायदा असा, की ज्याला कमी दिसते तो आपल्या एडिटरमध्ये रुंदी वाढवून घेऊ शकतो. त्यासाठी फाइल बदलावी लागत नाही. स्पेसचा फायदा असा, की मांडणी सर्वांना सारखीच दिसते. दोन्हींचे गुण आहेत. दोष आहे तो सरमिसळीत.

म्हणून चार जण मिळून काम करणार असतील, तर त्यांनी पहिल्याच दिवशी बसून माप ठरवावे. ठरलेले माप लिहूनही ठेवता येते. त्यासाठी 'एडिटरकॉन्फिग' नावाची छोटी फाइल कामाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. टॅब की स्पेस आणि रुंदी किती, हे तिच्यात लिहिलेले असते. अनेक एडिटर ती फाइल स्वतःच वाचतात. काहींना त्यासाठी एक जोडसाधन द्यावे लागते. मग कोण कोणत्या संगणकावर बसला आहे, याची काळजी उरत नाही.

मित्रांनो, आता पुन्हा शेताकडे पाहा. तिफण चालवणाऱ्याने अंतर मनाला येईल तसे बदलले, तर मागून डवरा घेऊन येणारा काय करील? तो बिचारा सरळच चालेल आणि चांगले पीक कापत जाईल. आज्ञावलीचेही तसेच आहे. आज तुम्ही लिहाल, उद्या दुसरा कोणी ती वाचील, दुरुस्त करील, वाढवील. त्याला तुमचे माप कळले पाहिजे.

बाग, मजूर, हिशेब हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत आणि आमच्या मराठीतही आहेत. लिहिण्याची दिशा वेगळी असली, तरी हिशेब दोन्हीकडे सारखाच चोख लागतो. शनिवारी संध्याकाळी खाला हात पुढे करतील, तेव्हा त्यांच्या हातावर 390 रुपये पडायचे की 2025, हे तुम्ही एका ओळीपुढे सोडलेल्या चार जागांवर ठरणार आहे. म्हणून आज्ञावली लिहून झाली, की शब्द तपासा, आकडे तपासा आणि ओळींपुढची मोकळी जागाही तपासा.

स्वाध्याय

1. हाशिया आणि समास यांत कोणते साम्य आहे?
2. तिफण आणि डवरा यांचे अंतर जुळले नाही, तर काय होते?
3. दर 8 जागांवर थांबे असतील, तर 2025 हा आकडा लिहून टॅब दाबल्यावर किती जागा मोकळ्या सुटतील?
4. पाठातील पहिल्या आज्ञावलीच्या शेवटच्या दोन्ही ओळी चुकून आत सरकवल्या, तर संगणक किती वेळा मजुरी छापील? त्या सर्व रकमा काढा.
5. तुमच्या वहीतील एक उर्दू आणि एक मराठी परिच्छेद शेजारी ठेवा. पहिली ओळ कोणत्या बाजूने आणि किती आत आहे, ते मोजून लिहा.